मंडळाच्या बुडाखालचा सोफा

पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही घरातला पसारा नेमका कुठे कोंबता, खरं सांगा? पलंगाखाली, की आतल्या खोलीत ढकलून वरून दाराला कडी? मग तेच पाहुणे निघताना म्हणतात, "काय टापटीप घर आहे हो तुमचं," आणि तुम्ही "छे हो, कसलं काय" म्हणत गोड हसता. त्या एका हसण्यापायी एका शाळेच्या चार वर्गखोल्या कशा जाऊ शकतात, ते मी एप्रिलच्या शेवटी दिल्लीला जाऊन बघून आले. तुम्ही तिथे नव्हता, म्हणून लिहिते आहे.

मी इचलकरंजीची. वडिलांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर आमचं पोट चालतं आणि पत्रकांवर वडिलांचा जीव चालतो. यंत्रमाग कामगारांपासून नळाच्या पाण्यापर्यंत गावातल्या प्रत्येक लढ्याचं पत्रक आमच्याकडे छापलं गेलं आणि उरलेलं घरी आलं. आमच्या वह्यांची कव्हरं पत्रकांची, फडताळात अंथरलेली पत्रकं, पोहेसुद्धा पत्रकावरच. इतर मुलं धनुष्यातला ध शिकली, मी धिक्कारातला शिकले. त्यामुळे उषामावशीचा फोन आला तेव्हा मला तो रणशिंगासारखा ऐकू आला, यात माझा दोष नाही.

उषामावशी ही आईची धाकटी बहीण. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून लग्न होऊन ती दिल्लीकडे गेली, तिकडचीच परीक्षा देऊन शिक्षिका झाली आणि आता मानेसरजवळच्या एका गावात सरकारी शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळेला पक्क्या खोल्या दोनच. सहावी आणि सातवी पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. यंदा खोल्या मंजूर झाल्या नाहीत, तर हे दोन्ही वर्ग हायवेच्या पलीकडच्या शाळेत हलवायचे, असं वरून ठरलं होतं. आणि गावातल्या आयांनी मावशीला सरळ सांगितलं होतं की हायवे ओलांडून मुली पाठवणार नाही. मुलगे जातील, मुली घरी बसतील.

खोल्या मिळणार की नाही हे ज्याच्या हातात होतं, त्याचं नाव शाळा बांधकाम निधी सल्लागार मंडळ. ते शाळा बघायला येतं, शिफारस करतं, आणि त्याच्या शिफारशीशिवाय वीट हलत नाही. ते एकदा येऊन गेलं की पुन्हा कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही.

"मंडळ येतंय गं आमच्याकडे," मावशी फोनवर म्हणाली. "तू ये. तुझी ती ठिपक्यांची रांगोळी काढ. इथे कोणाला येत नाही."

रांगोळी हा शब्द माझ्या कानावरून गेला. मी वडिलांकडून "टीन के नीचे बचपन" या मथळ्याची हिंदी पत्रकं छापून घेतली, दोन गठ्ठे बांधले आणि निघाले.

मुनिरका

पहिला मुक्काम शाहीनकडे. शाहीन शेख माझी कोल्हापूरच्या वसतिगृहातली मैत्रीण, मूळची लातूरची, कलेक्टर व्हायला दिल्लीत येऊन बसलेली. मुनिरका म्हणजे शहराने गिळलेलं पण न पचलेलं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मोटारसायकल आली तर आपण कोणाच्या तरी घरात शिरायचं. मी दोनदा शिरले. एका घरात मला पाणी दिलं. दुसऱ्या घरात विचारलं, "रूम चाहिए? सिंगल है, हवादार है."

शाहीनची खोलीही हवादारच म्हणायची, कारण तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतली हवा थेट आत येते. हवेबरोबर फोडणीही येते. शाहीनने संध्याकाळी खिडकीतून नुसता हात लांब केला आणि समोरच्या मुलीने त्यावर मिठाची पुडी ठेवली. दोघींनी बोलणंही थांबवलं नाही. आमच्याकडे शेजारणीकडून मीठ आणायचं तर जिना उतरावा लागतो आणि तिच्या सासूची चौकशी करावी लागते. राजधानी पुढे आहे, हे मान्य केलं पाहिजे.

खाली गाड्यावरचे मोमो खाता खाता शाहीनने माझं पत्रक वाचलं. ती हल्ली काहीही वाचलं तरी मार्क देते.

"सुरुवात जोरदार आहे, यार. पण 'वे फॉरवर्ड' कुठंय?"

"धिक्कार हाच वे फॉरवर्ड."

"धिक्कार प्रस्तावनेत संपतो, तेजू. पुढचं पान कोण लिहिणार?" तिने लाल चटणी माझ्या मथळ्यावर सांडली आणि बोटाने पुसली. "आधी सल्लागार मंडळ म्हणजे काय ते समजून घे. त्याला कोणाला हुकूम देता येत नाही, फक्त सुचवता येतं. पण त्याने सुचवल्याशिवाय दुसऱ्या कोणालाही हुकूम देता येत नाही."

"म्हणजे माझी आई."

"बिल्कुल," शाहीन म्हणाली. "आता कळलं ना तुला? मग आईला पत्रक वाटून कधी काही मिळालंय का?"

चटणी इतकी तिखट होती की मला उत्तर देता आलं नाही. नाहीतर दिलं असतं.

हिंदूराव

मंडळाचं कार्यालय मानेसर ज्या राज्यात येतं त्याच्या लांबच्या राजधानीत आहे, पण अध्यक्षांचे गुडघे दिल्लीत आहेत. गुडघ्यांना लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून मंडळाच्या बैठका अध्यक्षांच्या घराजवळ, हिंदूराव नावाच्या भागात एका भाड्याच्या सभागृहात होतात. मंडळ शाळेत जाण्याआधीच त्याला गाठायचं आणि पत्रक हातात द्यायचं, असा माझा बेत होता.

हिंदूराव हे नाव ऐकूनच मला बरं वाटलं. दिल्लीत आल्यापासून सगळे जी भेटत होते, पहिल्यांदाच एक राव भेटले. मी ई-रिक्षावाल्याला अभिमानाने सांगितलं की हे हिंदूराव ग्वाल्हेरहून इथे येऊन राहिले होते आणि ते आमच्यापैकीच.

"हमें तो अस्पताल पता है," तो म्हणाला. "आपके रिश्तेदार हैं तो बोल दो, पर्ची वाली लाइन छोटी करवा दें."

सभागृहाच्या दारात मंडळाचे सचिव उभे होते. हातात फाईल, काखेत दुसरी फाईल, चेहऱ्यावर तिसरी.

"मैडम, मंडल की बैठक में जनता नहीं बैठती."

"पण बैठक जनतेसाठीच आहे ना?" मी माझ्या छापखान्याच्या हिंदीत विचारलं.

"इसीलिए तो," ते शांतपणे म्हणाले. "जनता ही बैठ गई, तो हम किसके लिए बैठेंगे?"

आणि त्यांनी दार लोटून घेतलं. दाराच्या फटीतून मी बराच वेळ ऐकत राहिले. आत दौऱ्याचीच चर्चा चालली होती. मानेसरला जाताना गाडीत पुढच्या सीटवर कोण बसणार, हा विषय होता. अध्यक्षांना गुडघ्यांसाठी पुढची जागा हवी होती आणि एका सदस्य बाईंना मागे बसलं की मळमळतं. सचिवांनी तोडगा काढला की जाताना गुडघे पुढे आणि येताना मळमळ पुढे. सगळ्यांनी बाकं वाजवली. शाळेचा विषय निघाला तेव्हा चहा आला आणि चहाबरोबर बैठक संपली.

मी रागाने बाहेर पडले आणि रिजच्या, म्हणजे तिथल्या जंगलाच्या टेकडीच्या, रस्त्याला लागले. एका बाजूला कीकरची, म्हणजे बाभळींची झाडी, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. सँडलचा पट्टा सुटला म्हणून पत्रकांचा एक गठ्ठा कठड्यावर ठेवला आणि वाकले. वर बघते तर गठ्ठा माकडाच्या मांडीवर.

त्याने घाई केली नाही. दोरी सोडली, पहिलं पत्रक काढून दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, कोपरा चावून पाहिला, आणि खालच्या झाडीत सोडून दिलं. मग दुसरं. मग तिसरं. एकेक सुटं करून, एकही न वगळता. इतक्या निष्ठेने पत्रकं वाटणारा कार्यकर्ता मी आमच्या चळवळीत पाहिलेला नाही.

एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत आले, तेव्हा कुठे माकड हललं, पण गठ्ठा संपवूनच.

"काग़ज़ ले गया?" त्यांनी विचारलं. "अच्छा हुआ. काग़ज़ का भरोसा मैं भी नहीं करता, बेटा. पूरी उम्र इंजीनियरी की है. दीवार पर उँगली मारो, दीवार खुद बोल देती है." आणि त्यांनी मला पटवून द्यायला शेजारच्या कठड्यावर बोटाच्या पेराने ठकठक केली, कान लावला, समाधानाने मान हलवली आणि गुडघे धरत निघून गेले.

गुडघ्यांकडे माझं लक्ष जायला हवं होतं. मी माकडाकडे बघत होते.

मानेसर

मानेसरच्या शेअर रिक्षात किती माणसं बसतात याला मर्यादा नाही, फक्त श्वास आळीपाळीने घ्यायचा. शेजारून कंपन्यांच्या बस जात होत्या, आत एकाच रंगाच्या शर्टातली झोपलेली माणसं. माझ्या मांडीवर अर्ध्या बसलेल्या सुनीताबाई गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. मावशीच्या शाळेचं नाव काढताच त्या पूर्ण बसल्या.

"उषा मैडम? मेरी पिंकी सातवीं में है वहाँ."

मी हायवेपलीकडच्या शाळेचं विचारलं. त्यांनी उत्तर देण्याऐवजी रिक्षातून बाहेर बोट दाखवलं. ट्रकामागे ट्रक, मध्ये वाट नाही.

"मैं खुद भाग के पार करती हूँ, दीदी. उसको नहीं भगाऊँगी. घर बैठेगी, छोटे को देखेगी, और क्या."

एवढं बोलून त्यांनी मला डब्यातला पराठा दिला. माझं जे पत्रक माकडाने वाचलं होतं, त्यात हे वाक्य नव्हतं. असायला हवं होतं.

मावशीच्या घरी थालीपीठ होतं आणि ईशान होता. ईशान माझा मावसभाऊ, जन्मापासून इकडचा. तो थालीपिठाला मसाला रोटी म्हणतो आणि भाजणीला "ती ब्राऊन पावडर". "ताई, चलो, उद्या तू पण चल, मम्मीने फुल तयारी केलीय," तो म्हणाला. कसली तयारी, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आधी शेडबद्दल सांगते, कारण मी ती नटण्याआधी पाहिली. सकाळीच गेलो होतो. लोखंडी खांबांवर पत्रे, तीन बाजूंनीही पत्रे, खाली तरटाच्या टाटपट्ट्या. पत्र्याला वरून इतकी भोकं की आत उन्हाचे कवडसे नाण्यांसारखे पडलेले. मी मनातल्या मनात पत्रकाचा दुसरा भाग लिहायला लागले. ही शेड बघून कुठल्याही मंडळाच्या घशाखाली चहा उतरला नसता.

तेवढ्यात टेम्पो आला.

टेम्पोतून उतरले बंटीभाई, गावचे टेंट हाउसवाले, म्हणजे आपले मंडपवाले. त्यांच्यामागून उतरले लाल मखमली सोफे, दोन कूलर, गालिचा, गुलाबी-पांढऱ्या कापडाचे तागे आणि अर्धा डझन रोमन खांब. खांब फायबरचे होते, वर सोनेरी द्राक्षांचे घोस.

"मावशी, हे काय आहे?"

"मंडळ येतंय ना."

"मंडळ शेड बघायला येतंय. तू शेड झाकते आहेस."

"शेड कशी झाकेन? छत फक्त लावतेय कापडाचं. ऊन लागेल गं त्यांना."

"लागू दे की."

मावशीने कंबरेला पदर खोचला. ती आईची बहीण आहे, हे मला त्या क्षणी आठवलं. "तेजू, तू शिकलेली आहेस, म्हणून सांगते. माझ्या शाळेत माणसं येणार आणि मी त्यांना फाटकं नेसून दाखवू? या पोरी रोज सकाळी अंगण झाडतात, कशासाठी? लोकांनी येऊन अरेरे म्हणावं म्हणून? गरिबीचा तमाशा मांडायचा नाही मला. नीट ठेवणाऱ्यालाच लोक आणखी देतात."

"हे मुलगी बघायला येण्यासारखं चाललंय. कांदेपोहे आणि पावडर."

"मग? मला पोहे करूनच बघितलं होतं तुझ्या काकांनी. वाईट झालं का?"

काका तिथे नव्हते, म्हणून मी प्रतिवाद केला नाही. पण तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, जे माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नव्हतं, आणि त्यानेच मला जास्त राग आला. मी चिडून रांगोळी काढली. रागाच्या भरात फारच सुंदर निघाली.

आमच्याकडे शाळेत साहेब आला तर नारळ, टॉवेल आणि फार तर गुलाबाचं फूल. इकडे पाहुण्याला आधी बसवतात, मग थंड पाजतात, मग गरम पाजतात, आणि तो आला कशाला हे विचारणं असभ्य समजतात. थोड्याच वेळात शेड ओळखू येईना. वर कापडी छत, बाजूंना झालरी, गार वारा सोडणारे कूलर, गालिच्यावर सोफे. सहावी-सातवीची मुलं शेजारच्या पक्क्या खोल्यांत कोंबली होती, म्हणजे पलंगाखालीच म्हणा. तिथून स्वागतगीताचा सराव ऐकू येत होता.

"मैडम जी, एक बजे तक का बोला है," बंटीभाईंनी जाताना आठवण करून दिली. "शाम को बगल के गाँव में शादी है. यही सोफे, यही खंभे."

"हाँ हाँ, मंडल ग्यारह बजे आ रहा है," मावशी म्हणाली.

मंडळ जेवणवेळ उलटून गेल्यावर आलं. शाळेवर जेवणाचा भार नको म्हणून वाटेत ढाब्यावर थांबलं होतं. ही त्यांची तत्त्वाची बाब आहे, असं सचिवांनी सांगितलं. त्यांच्या मिशीवर तत्त्वाचं थोडं लोणी राहिलं होतं.

गाडीच्या पुढच्या सीटवरून अध्यक्ष उतरले. हातात काठी. कठडा वाजवणारे तेच म्हातारे.

त्यांनी मला ओळखलं. "बंदर वाली बेटी," ते म्हणाले आणि आत शिरले. मी हातातली उरलेली पत्रकं पुढे केली. सचिवांनी मध्ये हात घातला, "लिखित निवेदन कार्यालय में, मैडम." अध्यक्ष सोफ्यावर बसले. कूलरचा वारा थेट त्यांच्या टकलावर. थंड आलं, गरम आलं. मग त्यांनी सवयीने शेजारच्या रोमन खांबावर बोटाचं पेर मारलं.

ढप.

त्यांनी पुन्हा मारलं. ढप. "खोखला है," ते काळजीने म्हणाले. "यह कॉलम किसने डिज़ाइन किया?"

"जी, डेकोरेशन है," मावशी म्हणाली.

"अच्छा." त्यांनी वरचं गुलाबी कापड पाहिलं, गालिचा पाहिला, रांगोळीकडे बघून "वाह" म्हणाले. "मैडम, सच कहूँ? आपका स्कूल बहुत सुंदर है. हम ऐसे स्कूल देखकर आए हैं जहाँ बैठने को कुर्सी नहीं थी. कमरे तो उन्हें मिलने चाहिए, नहीं?"

सदस्य बाई म्हणाल्या, "नोट कर लीजिए." सचिवांनी नोट केलं.

आणि माझी मावशी हसली. तेच, निघणाऱ्या पाहुण्यांपुढचं गोड हसू. "जी, कहाँ, बस आपकी कृपा है," ती म्हणाली. तिच्या कपाळावर मात्र घाम होता, कूलर सुरू असून.

मी तोंड उघडलं. माझ्याकडे धिक्कार तयार होता, हिंदीत, तीन परिच्छेदांचा. पण माझ्या आधी टेम्पोचा हॉर्न वाजला.

बंटीभाई दोन माणसं घेऊन आत आले. मावशी धावली. "बंटी भाई, बस थोड़ी देर. मंडल बैठा है."

"मैडम जी, मंडल तो फिर आ जाएगा. बारात दोबारा नहीं आती." ते मंडळाकडे वळले, हात जोडले आणि गालिच्याचं टोक उचललं. "सर जी, पैर ऊपर."

संपूर्ण मंडळाने पाय वर केले. एकमताने झालेला त्यांचा तो पहिला निर्णय मी डोळ्यांनी पाहिला.

गालिचा गेला, खाली खडबडीत जमीन निघाली. मग छताचं कापड सुटलं, आणि वरून पत्र्याची धग अशी खाली आली की जणू कोणी भट्टीचं दार उघडलं. मग कूलर गेले, आतलं पाणी हिंदकळत. बंटीभाईंच्या एका माणसाने दोन्ही काखांत एकेक रोमन खांब घेतला आणि चालू लागला. आयुष्यभर इमारती उभ्या करणारे अध्यक्ष त्याच्याकडे बघतच राहिले.

शेवटी बंटीभाई सोफ्यापाशी आले. "सर, ज़रा उठना पड़ेगा."

"मैं अध्यक्ष हूँ," अध्यक्ष म्हणाले.

"हाँ जी. और उधर दूल्हा है."

अध्यक्षांनी याचा विचार केला आणि ते उठले. बुडाखालून सोफा निघाला. झालरीही गेल्या. मंडळ पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहिलं, हातात कपबश्या धरून, आणि मग कपबश्याही गेल्या, कारण त्या बंटीभाईंच्याच होत्या.

आता बघा, मावशीच्या कचेरीत खुर्च्या होत्या. थोड्या का असेना, होत्या. ती घाईने तिकडे निघालीही. दारापर्यंत गेली आणि थांबली. तिने एकदा वर पत्र्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. शपथेवर सांगते, आयुष्यात पहिल्यांदाच. मग तिने खुर्च्यांऐवजी घंटेचा लोखंडी तुकडा उचलला आणि टोला दिला.

"छठी, सातवीं, अपनी जगह पर."

मुलं टाटपट्ट्या घेऊन धावत आली आणि रोजच्यासारखी बसली. मंडळ मध्ये सापडलं. सदस्य बाई टाटपट्टीवर बसल्या, सचिव त्यांच्या मागे. गुडघ्यांसाठी कोणीतरी पोषण आहाराचं मोठं पातेलं पालथं घातलं आणि अध्यक्ष त्यावर विराजमान झाले.

शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिने अध्यक्षांची बाही ओढली. "सर, थोड़ा खिसक जाओ. इंग्लिश वाला सूरज आने वाला है."

"कौन सा सूरज?"

"ऊपर छेद है ना. गणित के पीरियड वाला उधर खंभे के पास गिरता है. हिंदी वाला दरवाज़े पे. इंग्लिश वाला सबसे तेज़ है, यहीं गिरता है. तब हम लोग इधर से उठ के उधर चले जाते हैं, और उधर वाले इधर आ जाते हैं."

"पिंकी," मावशी म्हणाली, "सर को तंग मत करो."

"तंग नहीं कर रही, मैडम जी. बता रही हूँ. जल जाएँगे."

अध्यक्ष हसले, हलले नाहीत, आणि कवडसा वेळेवर त्यांच्या टकलावर आला. त्यांनी पातेलं सरकवलं. मुलांनी जागा बदलल्या, न सांगता, न बोलता, जशी बसमध्ये माणसं आत सरकतात. मग अध्यक्षांनी हात लांब करून शेजारच्या पत्र्यावर सवयीने पेर टेकवलं आणि चटका बसून मागे घेतलं. ते बोट तोंडात घालून त्यांनी बराच वेळ पत्र्याकडे पाहिलं.

"बोल रही है," ते म्हणाले.

चहा पुन्हा आला, पोषण आहाराच्या स्टीलच्या वाट्यांतून. कोणी प्याला नाही. सदस्य बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्यातून एक पत्रक ओढून वारा घ्यायला सुरुवात केली. सचिवांनीही एक घेतलं. अध्यक्षांनी दोन घेतली. सरकारी मंडळाने माझं पत्रक इतका वेळ हातात धरल्याचा अनुभव मला किंवा माझ्या वडिलांना यापूर्वी नव्हता. वारा घेता घेता अध्यक्षांचा हात थांबला आणि ते वाचायला लागले. शेवटी वर बघून म्हणाले, "इसमें तो धिक्कार ही धिक्कार है. कितने कमरे चाहिए, यह कहाँ लिखा है?"

शाहीनचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. वे फॉरवर्ड.

"चार," मावशी म्हणाली. हसली नाही. "चार कमरे, सर. नहीं तो ये लड़कियाँ जुलाई में घर बैठेंगी."

सचिव म्हणाले, हा विषय पुढच्या बैठकीत घेता येईल, हिंदूरावला. अध्यक्षांनी डोकं पुसलं. "नहीं, बैठक अभी, यहीं. कोरम पूरा है." हिंदूरावला पुढच्या सीटवर जेवढा वेळ गेला होता, त्याच्या तुकड्यात बैठक आटोपली. कोणी आक्षेप घेतला नाही, कोणी भाषण केलं नाही, कारण इंग्लिशचा सूर्य आता सचिवांकडे निघाला होता. चार खोल्यांची शिफारस झाली. मुलांनी तोवर दाबून ठेवलेलं स्वागतगीत एकदम म्हटलं. परत जाताना पुढच्या सीटवर कोणाची पाळी होती ते कोणाला आठवलं नाही. जो आधी गाडीत शिरला तो बसला.

मावशी संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. मग थालीपीठ वाढताना म्हणाली, "स्टीलच्या वाटीत चहा दिला गं मी त्यांना. स्टीलच्या वाटीत." आणि डोळ्यांना पदर लावून इतकी हसली की ईशान घाबरून पाणी घेऊन आला.

मी परत आले. परवा ईशानने फोटो पाठवला. शेडशेजारच्या मोकळ्या जागेत फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखल्या आहेत, चार चौकोन, आणि एका चौकोनात पिंकी मधोमध मांडी घालून बसली आहे, जणू तास सुरू झालाय. भिंती अजून नाहीत. शिफारस म्हणजे इमारत नव्हे, हे मला आता कळतं. म्हणून मावशी दर आठवड्याला सचिवांना फोन करून विचारत असते. भूमिपूजनाला मंडळ येणार आहे, आणि त्यासाठी तिने बंटीभाईंना आगाऊ सांगून ठेवलंय. मी ओरडले. ती म्हणाली, "फक्त खांब घेतलेत गं. अध्यक्षांनी मुद्दाम सांगितलंय, त्यांना ते पुन्हा वाजवायचेत."

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या गावातल्या, गल्लीतल्या सरकारी शाळेत कधी ना कधी कोणीतरी साहेब, कोणीतरी समिती बघायला येईल. तुम्ही पालक असाल, माजी विद्यार्थी असाल, नाहीतर नुसते शेजारी असाल. तुमच्याकडे सोफा मागायला येतील. देऊ नका. टेबलक्लॉथ, कूलर, पाहुण्यांसाठी ठेवलेला कपबश्यांचा सेट, काहीही देऊ नका. त्या दिवशी तुम्ही स्वतः जा, साहेबांचा हात धरा आणि मुलं जिथे बसतात तिथे, त्यांच्यामध्ये, त्यांना बसवा. आणि कवडसा अंगावर येईपर्यंत उठू देऊ नका.

गुडघे दुखत असतील, तर पातेलं द्या.